तंबूत न मावणारी शेगडी

शेगडी निवडायचं काम वासंतीबाईंना मिळालं ते मान म्हणून, पण दुपार व्हायच्या आत त्याच कामाने त्यांच्या जिवाला घोर लावला.

त्यांचा मुलगा ध्रुव आणि सून मुग्धा शनिवारी बेंगळुरूजवळ होसकोटेच्या पुढे एका तळ्याकाठी तंबू टाकून रात्र काढणार होते. ऑफिसातली आणखी दोन कुटुंबं बरोबर, आणि दीड वर्षांची सोनमही. "सोनूला मऊ भात लागतो, दूध गरम लागतं. शेगडी तुम्हीच बघा ना आई, तुम्हाला त्यातलं कळतं," असं मुग्धा डबा भरता भरता म्हणाली आणि लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून निघून गेली. मुग्धा पुण्याची, हुशार, स्वतःचं स्वतः बघणारी. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासूला तिनं एखादी वस्तू निवडायला सांगितली ती आजच. वासंतीबाई हरखून गेल्या. मग सोनमला न्हाऊ घालताना सहज मनात आलं, डिसेंबर आहे. तळ्याकाठी वारा असणार. वाऱ्यात शेगडी विझते. मग माणसं काय करतात? तंबूत नेतात. चेन लावून घेतात, थंडी वाजते म्हणून.

त्यांचा तांब्या धरलेला हात तसाच राहिला. सोनमने पाणी उडवलं तेव्हा त्या भानावर आल्या.

वासंतीबाई मूळच्या निपाणीच्या. धारवाडला बी.ए. झाल्या आणि लग्न करून बेंगळुरूला आल्या. एचएसआर लेआउटमधल्या या फ्लॅटमध्ये यायच्या आधी इथल्याच शिवाजीनगरच्या मागे दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला. तिथल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर होता. एका थंडीत खिडकीतून बोचरं वारं यायचं, म्हणून त्यांनी फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. आंघोळ करता करता गुडघे गेले. वास नाही, खोकला नाही, भीतीसुद्धा नाही. झोप यावी तसं काहीतरी, आणि मग जमीन. भांड्याचा आवाज झाला म्हणून त्यांचे पती शरच्चंद्र दार तोडून आत आले. ध्रुव तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होता, परीक्षा चालू होती. उगाच घाबरेल म्हणून त्याला 'आईला चक्कर आली, बीपी कमी झालं' एवढंच कळवलं. पुढे घरात त्या प्रकाराचं नावच 'आईचं बीपी' पडलं आणि कोणी ते बदललं नाही.

मग सरळ सांगून टाकायचं नाही का? तिथेच तर अडत होतं. मोजे, छत्री, हेल्मेट, बाहेरचं पाणी, या सगळ्यांवर वासंतीबाई इतकं बोलून बसल्या होत्या की आता त्यांच्या बोलण्याला घरात वजन उरलं नव्हतं. काळजी बोलून दाखवली की पोरं ऐकत नाहीत, फक्त सांगायचं बंद करतात. कूर्गची सहल त्यांना फोटो पाहून कळली होती. म्हणून त्यांनी ठरवलं, आपण गप्प राहायचं. शेगडीच अशी घ्यायची की ती तंबूत जाणारच नाही.

तंबूचं दार त्यांना ठाऊक होतं. रविवारी ध्रुवने तो दिवाणखान्यात उभा करून पाहिला, तेव्हा सोनमच्या मागे त्या स्वतः रांगत आत गेल्या होत्या. काम मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी छोटा कुकर कापडी पिशवीत घालून त्या शिवाजीनगरला गेल्या. मंजुनाथचं भांडी-शेगड्यांचं दुकान त्यांच्या ओळखीचं. वातीच्या स्टोपासून सगळं त्यांनी तिथूनच नेलं होतं.

"बन्नी, या अक्का," मंजुनाथ म्हणाला. "पिशवीत काय, कुकर? शिट्टी गेली?"

"शिट्टी ठीक आहे. कॅम्पिंगची शेगडी दाखव."

त्यानं मुठीत मावेल असा बर्नर काढला आणि गॅसच्या छोट्या डब्यावर फिरवून बसवला. "हे बघा. सगळी आयटीची पोरं हेच नेतात. थंडी वाजली तर तंबूत बसल्या बसल्या चहा."

वासंतीबाईंनी पिशवीतला कुकर काढून त्या बर्नरवर ठेवला. डोक्यावर पहिल्यांदा घागर घेतलेल्या मुलीसारखा तो डुलायला लागला.

"यावर भात होणार नाही," त्या म्हणाल्या.

मग मंजुनाथने चपटी, सुटकेसमधून निघणारी शेगडी दाखवली. तिच्या कुशीत गॅसचा डबा झोपवायचा. कुकर छान बसला. "मोठा तवा मात्र नको अक्का. तो डब्यावर येतो, डबा तापतो," असं त्याने बजावलं. पण ही शेगडी ताटाएवढी. तंबूच्या दारातून सहज गेली असती.

"स्वल्प, जरा मोठी दाखव."

"अक्का, कॅम्पिंग की केटरिंग?"

"मोठी दाखव. आणि जड."

"लोक येतात ते हलकी मागतात. तुम्ही पहिल्याच," असं म्हणत त्यानं मागून लोखंडी पायांची, दोन बर्नरची शेगडी ओढत आणली. चाटच्या गाड्यावाले नेतात ती. सोबत छोटा सिलिंडर. वासंतीबाईंनी वितीने तिची रुंदी मोजली, उंची मोजली, मनातल्या मनात तंबूच्या दारात उभी करून पाहिली. अडकली. त्यांना जरा हायसं वाटलं.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "हीच बांध."

संध्याकाळी मुग्धा घरात शिरली आणि चप्पल काढता काढता थांबली. "आई, हे काय आहे?"

"शेगडी."

ध्रुवने तिच्याभोवती एक फेरी मारली. "आई, आपण तंबू टाकतोय. हॉटेल नाही टाकत."

"आधी बोलली असतीस तर मी बाकडी आणून ठेवली असती," शरच्चंद्र वर्तमानपत्रामागून म्हणाले.

मुग्धा हसली नाही. आपण मारे काम सोपवलं आणि आता नको म्हणायचं, हे तिला जड जात होतं. "मजबूत आहे खूप," ती जपून म्हणाली. "पण आई, वारा सुटला तर आत घेता यायला हवी ना. ही आत जाणारच नाही."

"असू दे ग," ध्रुव म्हणाला. "मी बॅकअप म्हणून एक छोटा बर्नर ऑर्डर केलाय. उद्या येतोय. आई, ही परत देऊन टाक."

वासंतीबाईंना दोन दिवसांचा सगळा खटाटोप डोळ्यांसमोर विरघळताना दिसला. त्यांनी शेगडीचा लोखंडी पाय धरला.

"आत जाणार नाही म्हणूनच आणली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला बीपी नव्हतं झालं, ध्रुव."

शरच्चंद्रांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. वासंतीबाईंनी सांगितलं ते सावकाश, एरवीसारखं एकातून दुसऱ्यात न शिरता. गॅस गळत नव्हता, तो नीट जळत होता. फक्त खोली बंद होती, आणि बंद खोलीत ज्योतीचा बिनवासाचा विषारी वायू साचत गेला. "वास आला असता तर मी पळाले असते. काही कळलंच नाही. सोनू तर सांगूसुद्धा शकणार नाही."

"तू मला बीपी म्हणून सांगितलंस," ध्रुव म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता, पण चेहरा उतरला होता.

"मीच सांगितलं तसं," शरच्चंद्र म्हणाले. "दार तोडलं तेव्हा ती बेशुद्ध पडली होती. ते फोनवर काय सांगायचं तुला?"

मुग्धा खुर्चीत बसली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "कूर्गला आपण तंबूच्या आत मॅगी केली होती."

"चेन थोडी उघडी होती की."

"नव्हती. पाऊस होता, मी स्वतः बंद केली होती. सकाळी दोघांचंही डोकं फुटत होतं, आठवतंय? मला उलटी झाली. आपण म्हणालो, गाडीचा त्रास."

सोनम शेगडीचं बटण कट्‌कट् फिरवत होती. वासंतीबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं, जरा जास्तच घट्ट, तशी ती कुरकुरली.

मुग्धाने फोन उचलला आणि बाकीच्या दोन्ही घरी लावला. "सुनो, स्टोव्ह मत लाना कोई. हमारा बहुत बड़ा है, सबका खाना उसी पे. नहीं नहीं, छोटावाला भी नहीं. कारण मैं आके बताती हूँ." फोन ठेवून ती ध्रुवला म्हणाली, "ती ऑर्डर कॅन्सल कर. आत्ता, माझ्यासमोर." मग सासूकडे वळून, "आई, वाऱ्याचं काय करायचं?"

हा प्रश्न आपल्याला कोणी विचारेल असं वासंतीबाईंना वाटलं नव्हतं. "गाडी वाऱ्याला आडवी लावा. तंबूपासून लांब," त्या म्हणाल्या. "सोनूचं दूध संध्याकाळीच गरम करून थर्मासात भर, म्हणजे रात्री काही पेटवायला नको. आणि तंबूच्या दोन्ही जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा. थंडी वाजली तर अजून एक गोधडी घ्या, मी देते."

"द्या. दोन द्या."

शनिवारी ते गेले. वासंतीबाईंचा दिवस फोन उलटासुलटा करण्यात गेला. दिवेलागणीला फोटो आला. गाडीच्या आडोशाला शेगडी, तिच्यावर मोठं पातेलं, आजूबाजूला सहासात जण ताटल्या घेऊन, आणि सोनमच्या हनुवटीला भात. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. मागे तिन्ही तंबू रिकामे, दारं उघडी. प्रत्येक तंबू त्यांनी नीट पाहिला, कोपऱ्यात कुठे निळी ज्योत दिसते का म्हणून.

खाली मुग्धाचा मजकूर होता, 'सगळ्यांना सांगितलं. आता इथे रेंज जाईल.'

"झालं ना मनासारखं? चल, जेवून घे," शरच्चंद्र म्हणाले.

"पुढे सगळी रात्र आहे हो," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनी दोन पानं घेतली, स्वतःच्या पानात एकच पोळी वाढली आणि फोन ताटाशेजारी उताणा ठेवला.