पाठक सरांचं पोवळं

प्राणिशास्त्र विभागातले आम्ही जुने चौघे भेटलो की घरच्या गोष्टी निघायच्या आतच कुणीतरी म्हणतं, "ते पोवळं आठवतं का?" झालं! एकाचा किस्सा संपत नाही तोवर दुसऱ्याचा तयार असतो.

गोष्ट साठ सालानंतरची, अमरावतीची. आमचे पाठक सर वीस वर्षं वर्गात प्रवाळ शिकवत होते, तेही कपाटातला वाळका सांगाडा दाखवून. जिवंत पोवळं त्यांनी स्वतःच पाहिलं नव्हतं! राजापेठेतल्या घरी काचेच्या पेटीत ते जगवायचं आणि त्याचे इवले जीव उघडताना एकदा डोळ्यांनी बघायचे, हा त्यांचा ध्यास.

*

पहिली अडचण खाऱ्या पाण्याची. शिपाई गणपत दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. गावाहून येताना तो दोन डबे भरून घेऊन आला.

"सर, आमच्या इहिरीचं पानी हाय. समुद्र कायले पाह्यजे तुमाले?"

सरांनी मोजून पाहिलं. "गणपत, समुद्र याच्यापेक्षा खूप खारट असतो."

गणपत हळहळला. "मंग तिकडचे लोक च्या कशाचा करत असतीन हो?"

*

शेवटी सर आणि मी रत्नागिरीला गेलो. दगडासकट लिंबाएवढं पोवळं मिळालं आणि समुद्राच्या पाण्याच्या चार बरण्या भरल्या. परतताना गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊ, काय नेऊन राहिले?"

सर सरळ माणूस. म्हणाले, "समुद्र."

बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि ओंजळ पुढे केली! मग सगळा डबाच उठला. अकोला येईपर्यंत एक बरणी तीर्थात गेली.

*

बातमी पसरली. बार्शीटाकळीचे एक गृहस्थ थेट घरी आले.

"मास्तर, पोरीले मंगळ हाय. अंगठीपुरतं पोवळं द्या."

"अहो, ते जिवंत आहे!"

"मंग तं लवकर गुन येईन!"

*

पाण्यात हवा सोडायची तर विजेचा पंप कुठला आमच्याकडे? सायकलची ट्यूब फुगवायची आणि नळीतून हवा हळूहळू सोडायची. बीएस्सीची मुलं पाळीपाळीनं पंप मारत. एकाचे वडील चौकशीला आले, "सर, पोरगं शिकून काय राहिलं?"

सर म्हणाले, "श्वसन."

*

मार्चातच ऊन तापलं. घरातली एकुलती एक वाळ्याची ताटी सरांनी पाणी मारून पेटीसमोर लावली. माई म्हणजे सरांच्या पत्नी, चौथी शिकलेल्या. त्यांनी तांदूळ निवडायचं सूप उचललं आणि पेटीशेजारी बसल्या. "गारवा इथंच आहे, तर मी काहून उकडत बसू?"

पोवळं दुपारी उघडायचं, तेव्हा सर कॉलेजात. संध्याकाळी अंगणात सायकल खडखडली की मिटायचं!

"उघडलं होतं?"

"आत्ता आत्तापर्यंत होतं हो," माई सांगायच्या.

सरांनी रजा टाकली, चपला बाहेर काढल्या आणि दोन दुपारी श्वास रोखून बसले. नेमकं त्या दोन दुपारी ते उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी पोवळं गेलं. सर त्या दिवशी जेवले नाहीत. आम्हालाही फार वाईट वाटलं.

सोमवारी सर वर्गात आले ते माईंना घेऊन. "आज प्रवाळ या शिकवतील," म्हणाले आणि पहिल्या बाकावर वही उघडून बसले. वर्गात कुणी हसलं नाही.

माई लाजल्या. पदर सावरला. मग सरांकडे बघून म्हणाल्या, "लिहू नका हो. इकडे पाहा."

त्यांनी मूठ वर धरली आणि एकेक बोट हळूहळू उघडायला सुरुवात केली.