टोपणावरची लाख

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. आईपाशी नाही, समितीतल्या सोबत्यांपाशी तर नाहीच. पत्रकं लिहिणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही असं लोक म्हणतात — जे असेल ते हा छापून मोकळा होतो! पण हे राहिलं. आणि हे झाकायला मी एक पत्रक छापलं, तेही सांगणार आहे. जरा थांबत थांबत सांगतो.

रस्त्यात एखादी बस चढावर बंद पडली की मला घाम फुटतो. शेजारचा म्हणतो, "अहो, होईल चालू, घाबरताय काय?" त्याला काय सांगू? बस चालू होणार नाही म्हणून मी घाबरत नाही. ती का बंद पडली ते कुणाला तरी कळेल, म्हणून घाबरतो.

तेव्हा आमची घरं व्हायची होती. कारखान्यात नोकरीला आलेली आम्ही पुण्याकडची मंडळी आणि इथे कानडी मुलुखात पिढ्यान् पिढ्या राहिलेली काही मराठी घरं, अशांनी मिळून बनशंकरीच्या पलीकडे माळावर जागा घेतली होती. सहकारी सोसायटी. ठेकेदार नको, दलाल नको, आपली घरं आपण बांधू! हे वाक्य माझंच. आनेकलकडच्या खाणीतून दगड आणायला सोसायटीने एक जुनी डिझेल लॉरी घेतली. ती चालवायला रामोजीराव. तो इथलाच, त्याचे पूर्वज कधी काळी घोड्यावरून आले म्हणे, हा लॉरीवरून फिरायचा. सोसायटीचा सभासदही होता. जे दगड तो आणत होता त्यांतून एक घर त्याचंही उभं राहणार होतं. जोत्याची जागा आखली गेली की बायकोला, लक्ष्मीअक्काला, घेऊन यायचा आणि दोघं त्या चौकोनात उगाच उभी राहायची.

मी त्याला अण्णा म्हणायचो. तो मला तम्मा म्हणायचा — धाकटा भाऊ.

मग कुणीतरी कुजबुजलं की डिझेल फार लागतंय. कुठेतरी जिरतंय. पुरावा काय? काही नाही. पण मला पुरावा लागत होता कुठे? मी तेव्हा समितीतला सगळ्यांत तरुण, आणि अन्याय दिसला नाही तर मला चैन पडायचं नाही. मी पत्रक काढलं, "आपल्या घामाचं तेल कोण पितो?" आणि उपायही मीच सुचवला. लॉरीच्या टाकीच्या टोपणाला सील ठोकायचं. सकाळी डिझेल भरलं की टोपणावर फडकं बांधायचं, वर लाख ओतायची, समितीचा शिक्का मारायचा. संध्याकाळी ते सील फक्त मी फोडायचं. वाटेत ड्रायव्हरने टोपणाला हात लावायचा नाही.

रामोजीअण्णा हसला होता. "टोपणाला मंगळसूत्र घाल की अजून एक, तम्मा!" म्हणाला. रागावला नाही. मला वाटतं, रागावला असता तर —

नाही. त्याने काय केलं असतं तर मी काय केलं असतं, हे बोलायचा मला अधिकार नाही.

त्या टोपणाच्या मध्यभागी एक बारीक भोक होतं. मोहरीचा दाणा जाईल एवढं. मला वाटलं, गंजून पडलं असेल. यातून धूळ जाते, पाऊस जातो, आणि नळी घालून कुणी डिझेलही ओढेल. ते मी आधी लाखेने नीट बुजवलं, वर बोटाने दाबून गुळगुळीत केलं. कामावर खूश होऊन दोनदा पुसलंही.

तेव्हापासून लॉरी चढावर मरायला लागली.

भरलेली लॉरी खाणीवरून निघायची, सपाटीला बरी चालायची, आणि मोठा चढ लागला की इंजिन धापा टाकायचं, आवाज बारीक व्हायचा, बंद. अण्णा उतरायचा, बॉनेट उघडायचा, विडी ओढायचा, आणि थोड्या वेळाने चावी फिरवली की लॉरी काही झालंच नव्हतं अशी सुरू. दगड उशिरा यायला लागले. गवंडी बसून राहायचे. सभासद चिडले.

आमचे कुलकर्णी कारखान्यात इंजिनांच्या विभागात होते. ते रविवारी बाह्या सरसावून आले. म्हणाले, "फ्युएल प्रेशर पडतंय. इंजिनाला डिझेल पोचत नाही, दुसरं काही नाही." मग त्यांनी एकेक तपासलं. फिल्टर काढला, नवा घातला. नळ्या फुंकून पाहिल्या. कुठे हवा ओढते का बघायला प्रत्येक जोड आवळला. पंपाची छोटी दांडी हाताने मारून पाहिली, तर डिझेल भसाभसा आलं. "परफेक्ट! सिस्टीममध्ये फॉल्टच नाही," असं म्हणून त्यांनी हात पुसले.

फॉल्ट कसा सापडणार? तपासणीच्या आधी टाकीत डिझेल किती ते काठी घालून बघायचं, म्हणजे सील फोडून टोपण उघडायचं. ते मी उघडायचो. आजार मीच बरा करायचो, मग कुलकर्णी रोग्याला तपासायचे. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. खरंच नव्हतं. ही एक गोष्ट माझ्या बाजूची आहे, आणि ती पुढे फार दिवस टिकली नाही.

मला कळत होतं ते वेगळंच. सील लागल्यापासूनच लॉरी अडते — याचा अर्थ काय? अर्थ उघड आहे! चोराची वाट बंद झाली, चोर आता कामच अडवून धरतोय. मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात नाव नव्हतं, पण "स्टेअरिंगमागचा हात" असे शब्द होते. ते छापून आलं, गठ्ठा माझ्या सायकलला बांधला होता, आणि दुसऱ्या दिवशी सभा होती.

त्या संध्याकाळी लॉरी आली. पुन्हा चढावर थांबून आली होती. अण्णा थकलेला. "स्वल्प थांबलं की आपोआप चालू होती रे. माझं काय हुकतंय मलाच कळंना," असं पुटपुटत तो हातपाय धुवायला गेला. मी सील फोडलं. टोपण फिरेना. जोर लावला, आणि ते सुटलं तशी टाकीने हवा आत ओढली. मोठ्याने. बुडणारा माणूस डोकं पाण्याबाहेर काढून श्वास घेतो तशी.

मी तिथेच उभा राहिलो. टोपण हातात, त्यावर माझी लाख.

रॉकेलच्या डब्याला आई दोन भोकं पाडते. एक ओतायला, दुसरं हवेला. दुसरं नसेल तर तेल येत नाही. हे कोणत्या घरात ठाऊक नाही? टाकीतलं डिझेल उपसलं जात होतं, त्याच्या जागी हवा जायला वाट नव्हती, आणि शेवटी पंपाला ओढता ओढेना. थांबलं की लाखेच्या कुठल्या तरी केसाएवढ्या फटीतून हवा हळूहळू आत जायची, आणि लॉरी पुन्हा चालायची. सगळं एका क्षणात समजलं. मागे वळून पाहिलं — कुणी ऐकलं का? कुणी नव्हतं. नळावर अण्णा तोंड धूत होता.

तेव्हा सांगायला किती वेळ लागला असता? "अण्णा, चूक माझी, भोक बुजलं होतं." एवढंच. तो हसला असता बहुतेक. पण सायकलवर गठ्ठा होता. मी छापलेलं खोटं ठरणार होतं, तेही माझ्याच लाखेमुळे. मी टोपण लावलं आणि सायकल घेऊन निघालो. वाटेत पत्रकं वाटलीही. सगळी.

सभेत मी बोललो. चांगला बोललो, टाळ्या पडल्या. मग अण्णाला विचारलं, तुझं म्हणणं काय. तो उभा राहिला, टोपी हातात. त्याला भाषण जमत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"टोपण हा तम्माच उघडतो रोज. त्याला विचारा. बाळा, तू सांग बघू, तुला काय दिसलं?"

त्याने मला साक्षीला बोलावलं होतं. सगळ्या सभेत त्याला मी आपला वाटलो होतो.

मी म्हणालो, "मला डिझेल दिसलं."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि तुला पाणी दिसतंय काय, अण्णा?" आणखी हसले. तो खाली बसला. त्याला लॉरीवरून काढलं, सभासदत्व रद्द केलं. घर गेलं. हात वर करून मत दिलं त्यांत माझा हात होता.

अजून संपलेलं नाही. इथेच संपलं असतं तर मी भित्रा ठरलो असतो, एवढंच. दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर यायच्या आधी मी यार्डात गेलो. आईचा गोधडीचा दाभण खिशात होता. टोपणातली लाख कोरून काढली, भोक मोकळं केलं, फुंकर मारून पाहिली. सील यापुढे दोऱ्याच्या गाठीवर कडेला मारायचं असं ठरवून टाकलं. नवा माणूस लॉरी घेऊन गेला. भरलेली लॉरी तो चढ एका दमात चढून आली.

आणि मी तिसरं पत्रक काढलं. "माणूस बदलला, लॉरी धावली!"

त्याच्यावर संशय असलेले होते, नसलेलेही होते. त्या पत्रकानंतर नसलेले उरले नाहीत. पुढे एकदा कुलकर्णी टोपण हातात घेऊन म्हणाले, "याला हे व्हेंटचं होल आधी होतं का रे?" "होतं की, असतंच ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि टोपण लावून टाकलं. त्यांना कळलं होतं? मला आजही माहीत नाही. ते भेटले की मी आधी त्यांचे डोळे बघतो.

घरं झाली. अण्णाच्या चौकोनावर उभं राहिलेलं घर आमच्याच गल्लीत आहे. आमच्या घराच्या जोत्यात त्याने आणलेले दगड आहेत.

मागच्या वर्षी एका सभेसाठी आनेकलला गेलो होतो. परतीच्या बसची वाट बघत उभा होतो, तर पाठीमागून हाक आली, "तम्मा!" अण्णा. मेहुण्याच्या वीटभट्टीवर राखण करतो म्हणाला. मला बळेच हॉटेलात नेऊन कॉफी, त्याच्या भाषेत कापी, पाजली. आईची चौकशी केली. माझी पत्रकं अजून निघतात का, विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाला,

"आपली लॉरी हाय काय रे अजून?"

"आहे."

"चढावर थांबती?"

"नाही."

"मी सोडल्यावर एकदाबी नाही?"

"नाही, अण्णा."

"सरी, बरोबर हाय," तो म्हणाला. "मग माझ्याच हातात काहीतरी होतं बघ. मी मग स्टेअरिंग धरलंच नाही कुणाचं. उगा दुसऱ्याची गाडी का बिघडवायची?"

माझ्या तोंडात कापी होती. ती मी गिळली. बस आली. "येतो अण्णा," म्हणालो आणि चढलो. खिडकीतून पाहिलं, तो तिथेच उभा होता आणि आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघत होता. मी मान दुसऱ्या बाजूला वळवली.