सोनपेठहून भरून आणलेले व्हिडिओ

आमच्या शेजारच्या बाई शिवणकाम करतात आणि कोणाचीही भीडभाड ठेवत नाहीत. गावात इंटरनेट रखडते, म्हणून त्या बाजाराच्या दिवशी सोनपेठच्या बसस्थानकावर बसून ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ मोबाईलमध्ये भरून आणतात. मी दिसलो की विचारतात, "काका, जवाब आला का, का अजून अर्जच करायलाव?"

टॉवरसाठी मी केलेल्या तक्रारींच्या चौकशीस परवा एक साहेब आले. बाई ओसरीवर तसाच एक व्हिडिओ पाहत होत्या. तो सुरळीत चाललेला पाहून साहेबांनी तत्काळ 'सेवा समाधानकारक' असे लिहिले. हा अहवाल गेला असता, तर टॉवरची मागणी निकालात निघाली असती. मी संतापून नियम सांगू लागलो. साहेबांनी मान वर केली नाही.

बाईंनी टाचणीने सिमकार्ड बाहेर काढले आणि साहेबांच्या तळहातावर ठेवले. व्हिडिओ चालूच होता.

"साहेब, इंटरनेट तुमच्या हातात हाय. मंग हे कशावर चालायलंय?"

साहेब ओशाळून कार्ड परत देऊ लागले. बाईंनी ते घेतले नाही.

"आधी लिहिलेलं खोडा. काकांसमोर खोडा."