जाहिरात न घेणाऱ्या घराची फुकट वेबसाइट

बाबा कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. कागद महाग, म्हणून कोरी जागा सोडायची नाही, हा घरचा नियम. दुसरा नियम, जाहिरात घ्यायची नाही. कुणाचीच.

यंदा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यानं ठेक्यावरच्या बायांची बस बंद केली. रविवारी सभा ठरली. गेटवर वाटलेली पत्रकं चौकीदार हिसकावून घ्यायचे, आणि व्हॉट्सअॅपवर कुणीतरी सभा रद्द झाल्याचं फिरवलं. कुणाला बदलता येणार नाही असं एक पान हवं होतं. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

फुकटात वेबसाइट बनवून देणाऱ्या सेवा शोधल्या. एकीनं सुरुवातीलाच विचारलं, नवशिके की अनुभवी? मला रागच आला. पत्रकांत वाढलेली मी नवशिकी? 'अनुभवी' दाबलं. तिथं काहीही कुठेही ठेवता येत होतं. मी तीन रकाने पाडले, मोकळं दिसेल तिथं मागणी कोंबली. लॅपटॉपवर हुबेहूब पत्रक! लिंक पाठवली.

कारखान्यातल्या एका काकूंचा फोन आला. "काय करून ठेवलं वं पोरी? अक्षरावर अक्षर चढलेलं दिसून राहिलं मले. सभा कुठं हाय तेच सापडत नाही."

"काकू, मोबाइल आडवा धरा ना."

"धरला. आता मीच आडवी होऊ का?"

सभेला दोनच दिवस होते. चडफडत नवशिक्यांसाठीची दुसरी सेवा निवडली. ठरलेले चौकोन, एकाखाली एक. जागा, वेळ, मागण्या. मधल्या कोऱ्या जागा पाहून माझे हात शिवशिवत होते. आणि तळाशी त्या कंपनीची जाहिरातपट्टी. काढायची तर पैसे भरा.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "हे काय हाय?"

"फुकटात असंच मिळतं."

"मंग फुकट कुठं झालं? आपल्या मागण्यांखाली त्यांचं दुकान!"

"पट्टी नको म्हणून बायांना सभेची जागाच सांगायची नाही का?"

"मी तसं म्हटलं काय?"

"त्याचा अर्थ तोच होतो, बाबा!"

ते अंगणात जाऊन येरझारा घालत राहिले. परत आले आणि म्हणाले, "पट्टीच्या वर तरी लिही, खालची जाहिरात आमची नाही."

लिहिलं. लिंक गेली. काकूंचा लगेच फोन. "आता दिसलं सारं. पण 'आमची नाही' काहून लिहिलं? कोण म्हणते तुमची हाय?"

रविवारी बाया आल्या. वाटलं होतं त्याहून जास्त. एकीनं आपला मोबाइल बाबांपुढे धरला. त्यांनी मागण्या खणखणीत वाचल्या आणि पट्टी यायच्या आधी मोबाइल परत दिला.

बस अजून सुरू झालेली नाही. पान आहे, पट्टीही आहे, आणि तिच्यावरून बाबांचं आणि माझं रोज वाजतं.