तिसरीची वेळ

मी एकोणीस वर्षांची होते, आणि धरमपेठेतून कॉलेजला जाताना कोणी मला सायकलवर मागे टाकलं की माझं डोकं दिवसभर तापलेलं असे. मग तो कॅन लटकवलेला दूधवाला का असेना. त्याला गाठायचं, ओलांडायचं आणि वळून एकदा बघायचं, हा माझा शिरस्ता होता. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत सायकल शर्यतीचं शिबिर भरणार आणि त्यातून राज्य स्पर्धेसाठी मुलींचा संघ निवडणार असं कळलं, तेव्हा माझी निवड झालीच आहे असं मी परस्पर ठरवून टाकलं. वडील म्हणाले, "अगं, आधी जा तर खरी."

आम्ही पाच जणी जमलो. जायच्या होत्या चौघी. दोघी चुलतबहिणी धरमपेठेतल्याच, एक सावनेरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, एक कामठीची, आणि मी. शिकवायला दोन माणसं होती. एक रेल्वेकडून शर्यती खेळून निवृत्त झालेले, उंच आणि अबोल. दुसरे फौजेतून आलेले, बुटके आणि बोलके. आयुष्यभर सायकल चालवण्याचाच पगार घेतलेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. आमच्या घरी असल्या नोकरीवर कोणाचा विश्वास बसेना.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या सायकलींचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी, सगळं उतरवून एका पोत्यात भरलं. माझी सायकल खरं तर दादाची होती. संध्याकाळी ती घरी नेली तर दादा तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "हे काय करून आणलं वं? कपडे काढून घेतले बिचारीचे." आई माझ्या सलवारीवरचं चेनचं वंगण बघून वेगळीच बोलत होती. दुसऱ्या दिवशी फौजी सरांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आमच्या सलवारी घोट्याशी बांधायला शिकवल्या. कोणाच्या हसण्याचं काही वाटायचं ते तिथेच संपलं.

त्या दोघांचा एक नियम मला फार झोंबायचा. सकाळी निघण्याआधी आपली सायकल आपण तपासायची नाही, दुसरीची तपासायची. ब्रेक, हवा, चेन, सगळं. माझी सायकल सावनेरवालीच्या वाट्याला आली होती. ती मन लावून एकेक नट फिरवून बघे आणि मी शेजारी चडफडत उभी. एकदा न राहवून मी तिच्या हातून पाना हिसकावला. फौजी सर लांबून ओरडले, "काहून वं? तुले तिच्यावर भरोसा नाही, तं रस्त्यावर तिच्या मागं बोटभर अंतरानं चालवशील कशी?" मी पाना परत दिला, पण मनातून नाही.

रेल्वेवाले सर मात्र मला पहिल्यापासून देवच वाटले. पन्नाशीचा माणूस, थोडं पोट सुटलेलं, चालताना उजवा गुडघा वाकडा पडायचा. पण सायकलवर बसले की पाठ अशी सरळ आडवी की वर चहाचा कप ठेवावा. चालवताना त्यांचं अंग हलतच नसे, फक्त पाय फिरत. त्यांच्या मागे चाक लावून मी पहिल्यांदा कामठी रोडला गेले तेव्हा समोरचा वारा गायबच झाला. मी त्यांना पदकांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पेटीत हायेत." एवढंच. मला तर एक वक्तृत्वाचा कप मिळाला होता तो मी बैठकीत दारासमोर ठेवला होता.

चौघींनी एका ओळीत चालवायचं, पुढचीने वारा अंगावर घ्यायचा, दमायच्या आत कोपर हलवून बाजूला व्हायचं आणि शेपटीला जाऊन लागायचं, मग दुसरीने पुढे यायचं. हे सगळं आम्ही पंधरा दिवस घोकलं. आणि एक गोष्ट ते दोघे रोज सांगत. संघाची वेळ म्हणजे पहिलीची वेळ नव्हे. चौघींपैकी तिसरी रेघेवर येईल तेव्हाच घड्याळ बंद. मी रोज मान हलवायचे.

पहिली चाचणी रविवारी पहाटे झाली. कन्हानच्या पुलाजवळून निघायचं, नागपूरच्या जकात नाक्यापर्यंत जाऊन परत पुलाशी यायचं. परतताना वारा तोंडावर. त्या दिवशी कामठीची मुलगी बाहेर बसली होती, आम्ही चौघी निघालो. नाक्यावरून वळल्यावर माझी पाळी आली आणि माझ्या अंगात वारंच शिरलं. कोळशाचे दोन ट्रक मी असे मागे टाकले की ड्रायव्हरने हात बाहेर काढून दाद दिली. मागे वळून बघायचं नसतं असं शिकवलेलं होतं, ते मात्र मी तंतोतंत पाळलं. रेघ ओलांडली, दोन्ही हात वर केले.

रेल्वेवाल्या सरांनी त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. काटा फिरतच होता.

"तिसरी आली का बंद करजो," ते म्हणाले.

मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. बैलगाडी गेली. शेतावर निघालेल्या बायकांचा घोळका गेला. मग चुलतबहिणींपैकी थोरली आली, एकटीच. काटा फिरत होता. शेवटी धाकटी आली, तिच्या मागे सावनेरवाली, दोघींचे चेहरे राखेसारखे झालेले. धाकटी तिसरी, तिने रेघ ओलांडली तसं मी घड्याळ बंद केलं. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. खोटं कशाला सांगू, तरी पहिला राग त्या दोघींचाच आला.

सर रागावले नाहीत. फौजी सर एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी अजून एक चान्स हाय. पुन्हा असंच केलं तं तुझ्या जागी कामठीवाली जाईन." कामठीची मुलगी पाण्याची बाटली घेऊन बाजूलाच उभी होती. तिने नजर खाली घातली.

तो आठवडा मी नीट जेवले नाही. आईला वाटलं ताप आहे.

दुसऱ्या रविवारी पुन्हा आम्ही त्याच चौघी, तोच रस्ता, तोच वारा. जाताना सगळं सुरळीत गेलं. परतताना कामठीच्या अलीकडे सावनेरवाली पुढे आली आणि दहा-बारा पायडलांतच तिचे खांदे हलायला लागले. आता ही ओळीतून तुटणार, हे मला तिच्या मागूनच कळलं. मी ओरडले, "बाजूला हो, मी येते पुढं! तू फक्त माझं चाक सोडू नको!" माझी पाळी झाली, मग तिची पाळीही मीच केली. पुन्हा एक फेरा तसाच. या वेळी मी दर थोड्या वेळाने काखेखालून मागे बघत होते. तीन चाकं होती. छाती फुटायला आली होती, पण त्या तीन चाकांचा मला जो आनंद झाला तो ट्रक मागे टाकण्याचा कधीच झाला नव्हता.

पूल दिसायला लागला आणि माझे पाय संपले. कोपर हलवलं, बाजूला झाले. तिघी शेजारून गेल्या. मी त्यांच्या शेपटीला लागायला गेले, पण हातभर अंतर पडलं, मग गाडीभर, मग काही उपयोगच नव्हता. माझी जागा गेली हे मला रस्त्यातच कळलं होतं. उरलेला रस्ता मी रडत चालवला. वाऱ्यामुळे कोणाला दिसलं नसावं.

मी पोचले तेव्हा तिघी कडेला आडव्या पडल्या होत्या. रेल्वेवाले सर वहीत काही लिहीत होते. मी म्हटलं, "सर, मी शेवटी आले."

ते वर न बघता म्हणाले, "तिघी संगं आल्या. तू कुठी होती ते मले आज दिसलंच नाही." मग वही मिटली आणि म्हणाले, "जाणाऱ्या चौघी याच."

दिसली नाहीस असं मला दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी भांडायला उठले असते. त्या दिवशी मी सायकलीसकट खाली बसले. कामठीच्या मुलीने हे सगळं ऐकलं होतं. तिची शेवटची संधी माझ्यामुळे गेली होती. ती जवळ आली, माझ्या अंगावरची सायकल उचलून धरली, आणि बाटलीचं झाकण काढून म्हणाली, "हळूहळू पे वं. घाई नको करू."