चौरंगाचा रुमाल

माझ्या धाकट्या जावेनं विणलेला एक रुमाल माझ्या कपाटात साड्यांच्या तळाशी आहे. ती खाली राहते, मी वर राहते, मधे अकरा पायऱ्या. तरी तो रुमाल माझ्याकडे पुण्याहून आला. कसा आला ते सांगते. त्यात माझीच शोभा होणार आहे, पण होऊ दे.

आमच्या घरात विणकाम माझं. लग्न होऊन रत्नागिरीत आले ती क्रोशाच्या दोन सुया घेऊनच. दोन-चार वर्षांत आमच्या आळीत माझ्या रुमालांशिवाय रुखवत मांडलं जाईना. "विणकामवाल्या वहिनींकडे" म्हटलं की रिक्षावाला नीट दारात आणून सोडायचा. पाणी शिंपडून कडक इस्त्री केल्याशिवाय मी रुमाल कुणाच्या हातात देत नसे, याचा मला अभिमान होता. मग मुंबईत नोकरी करणाऱ्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. सुई धरायची कशी इथपासून तिला मी शिकवलं. दुपारी जेवणं उरकली की ती वर यायची, माझ्या पायाशी बसायची आणि दर ओळीला विचारायची, "वैनी, हा खांब असाच ना?" खांब म्हणजे सुईवर दोरा घेऊन काढलेला उभा टाका. मी कंटाळल्यासारखं दाखवायचे. खरं सांगायचं तर ती एखाद्या दिवशी आली नाही की मला दुपार खायला उठायची.

पुढे तिनं फोनवर पेज उघडलं. गणपतीच्या चौरंगावर घालायचे विणलेले रुमाल, घरबसल्या मागवा. पहिला फोटो टाकताना मीच मोठेपणानं म्हटलं होतं, "टाक हो. कोण घेतंय ते तरी बघू." घेतले की लोकांनी. नाशिकच्या बायकांनी घेतले, नागपूरच्या घेतले, एक कुणी परदेशातली होती तिनं सहा मागवले. कुरिअरवाला फाटकाशी येऊन हाक मारायचा, ती हाक मला नसायची. तिच्या रीलमध्ये मागे पडवीची जांभ्याची भिंत आणि पुढे नुसते तिचे हात. खाली बायका लिहायच्या, "ताई, काय सफाई आहे हो तुमच्या हाताला." ती सफाई कुणाची, हे त्यांना कोण सांगणार? मी ते वाचून चरफडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

मला हेवा वाटत होता. त्याला जरा बरा दिसेल असा दुसरा शब्द मी शोधून बघितला, मिळाला नाही.

मग मीही पेज काढलं. पुण्यात माझी मामेबहीण आहे, तिनं फोनवरून सगळं समजावलं. माझे फोटो अंधारे यायचे. एका फोटोत रुमालाच्या कडेला माझा अंगठाच रुमालाएवढा दिसत होता. पेजवर जमले ते सगळे माहेरचे, आणि माहेरच्यांना रुमाल फुकट घ्यायची सवय. नवरा म्हणाला, "अगो, तुझीच शिष्या ना ती? मग तुला आनंद व्हायला नको काय?" त्याला त्या दिवशी मी आमटी अळणी वाढली.

पण पोटात दुखत होतं ते ऑर्डरींमुळे नाही. ती वर यायची थांबली, त्यामुळे. आता तिला विचारायचं काही उरलं नव्हतं. एकदा मी तिच्या पेजवर सगळ्यात वरच्या फोटोपासून सगळ्यात जुन्या फोटोपर्यंत बोटानं सरकवत गेले. "घरी, हातानं, प्रेमानं" असं लिहिलं होतं. दोऱ्याचा रंग जात नाही, हेही होतं. कुणाकडून शिकले, हे एका अक्षरानंही नव्हतं.

तेव्हा मी मामेबहिणीला सांगितलं, तुझ्या नावावर एक रुमाल मागव. मला तो हातात घेऊन त्यात खोड काढायची होती. समोर जाऊन "दाखव बघू" म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. तो केशरी-पांढरा रुमाल जावेनं पडवीत बसून विणला, मी वरच्या खिडकीतून बघत होते. मग तो हातखंब्याला हायवेला लागला, घाट चढून पुण्याला गेला, आणि बहिणीनं ओळखीच्या एका बाईबरोबर एसटीनं परत पाठवला. अकरा पायऱ्या चढायला त्याला बारा दिवस लागले.

दार लावून घेतलं आणि रुमाल आधी उलटा केला. विणकाम मागून बघावं. मागची बाजू पुढच्याइतकी स्वच्छ होती, कुठं गाठ नाही, लोंबता दोरा नाही. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. मग टेबलावर पसरला, तेव्हा दिसलं की कोपरे बसत नाहीत, मांजराच्या कानासारखे जरा उचलतात. चष्मा लावून मोजलं. कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, आणि पलीकडे परत तीन खांब हवेत. तिनं पलीकडे चार घातले होते. चारही कोपऱ्यांत तेच. मला इतका आनंद झाला की मी अवेळी चहा केला आणि साखर हात सैल सोडून घातली.

बहिणीला कमेंट मी शब्दन् शब्द सांगितली. "रुमाल ठीक. पण प्रत्येक कोपऱ्यात एक खांब जास्त आहे, त्यामुळे कोपरे उचलतात. शिकताना पाया कच्चा राहिलेला दिसतो."

बहीण म्हणाली, "शेवटचं वाक्य नको गं."

"तेच राहू दे," मी म्हटलं.

गणपतीला तीन आठवडे उरले होते. कमेंटखाली एकीनं विचारलं, धुतल्यावर आणखी उचलतात का? दोघींनी लिहिलं, आम्ही सध्या थांबतो. दोन दिवस खालून काही आवाज नव्हता. तिसऱ्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली. तिचे डोळे सुजलेले होते. ती पहिल्यासारखी माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "वैनी, कोपरा चुकतोय म्हणतायत. मला तर काय कळत नाय. तुम्ही एकदा करून दाखवा."

एवढंच तर मला हवं होतं. "आण इकडे," मी म्हटलं. सुई हातात घेतली आणि बोलायला लागले. तू घाई करतेस, फोनकडे बघत विणतेस, दोरा सैल सोडतेस. तोंड चालू होतं, हात चालू होते. ती हातांकडे बघत हळू आवाजात मोजत होती.

"एक, दोन, तीन. साखळी, साखळी. एक, दोन, तीन." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "चार."

मी खाली बघितलं. चौथा खांब सुईवरून उतरलासुद्धा होता. इतकी वर्षं माझा हात ते करत आला होता, आणि वरून मी इस्त्री फिरवत आले होते. समोर टीव्हीच्या टेबलावर माझा रुमाल होता, कोपरे कागदासारखे बसलेले. तिनं तिकडे बघितलं. उठून मोजला मात्र नाही.

"म्हणजे हे असंच असतंय," ती म्हणाली. दोरा गुंडाळून उठताना पुढे म्हणाली, "एवढं बारीक मोजलंन त्या बाईनं. विणणारीच असणार कुणीतरी."

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी चष्मा पुसत बसले. ती पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळी त्या कमेंटखाली तिचं उत्तर आलं. "ताई, तो खांब चुकून आलेला नाही. मला विणकाम माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शिकवलं, त्या अशाच विणतात. त्यांच्यासारखा हात आमच्या रत्नागिरीत कुणाचा नाही. मी कोपरा बदलणार नाही. हवं तर वरून इस्त्री फिरवा." बायकांनी त्यावर बदाम टाकले, दोघी थांबलेल्याही परत आल्या. तिला कळलं होतं की नव्हतं, मला आजवर समजलेलं नाही. त्या वेळी मात्र आधी मनात आलं ते हे, की मेलीला लिहिताही किती छान येतं.

दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. "वाचलंस ना? मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी ती कमेंट काढून टाकते."

"काढलीस की तिचं उत्तर राहील?" मी विचारलं.

"कसं राहील? खालचं सगळं जातं."

तिचं पेज मी वरपासून खालपर्यंत बघितलेलं होतं. माझ्याबद्दल तेवढंच होतं.

"राहू दे," मी म्हटलं.