बरणीतला समुद्र

अण्णा गेल्याचं त्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं शाळेत येऊन सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो, "काहीतरी बरळू नकोस!" सकाळीच तर अण्णा मला चवदार तळ्यापाशी भेटला होता. महाडकरांना तो डॉक्टर म्हणून ठाऊक. कुडपणपर्यंत डोंगर चढून रोगी बघणारा. माझा तो लहानपणापासूनचा मित्र. आज महिना होतोय... आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत अण्णाच्या जुन्या मोटारीतून आम्ही श्रीवर्धनला गेलो. किनाऱ्यावर तंबू ठोकला, चार दिवस चुलीवर जमेल तसा भात शिजवला, त्याची करपलेली खरवड मीच जास्त खाल्ली. तिथून पुण्याला त्याच्या थोरल्या भावाकडे जायचं होतं. श्रीवर्धन म्हणजे अण्णाच्या आईचं माहेर. अर्धांगानं ती पुण्याला दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं एकच मागणं होतं : एकदा समुद्रात पाय बुडवायचे. तिला नेणं शक्य नव्हतं, म्हणून अण्णानं लोणच्याची मोठी चिनीमातीची बरणी भरून समुद्राचं पाणी घेतलं, तोंडाला फडकं बांधलं. महाड येईपर्यंत ती त्यानं मला मांडीवर धरायला लावली. मी सारखा कुरकुरत होतो.

पोलादपूर सोडून घाट चढू लागलो आणि गाडीची पाण्याची टाकी उकळली. अण्णा डबा घेऊन खाली ओढ्याकडे उतरला. अर्धा तास झाला तरी पत्ता नाही! ऊन उतरायला लागलेलं, घाट सगळा बाकी, आणि मी जन्माचा उतावळा. गाडी जरा निवाल्यावर मी बरणीचं फडकं सोडलं. मोळी टेकवून बसलेली एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "थांबा की वाईच! येतोय तो पानी घेऊन. गाडी काय पलून जात नाय." पण ऐकतो कोण? शाळेत शास्त्र शिकवणारा मी. समुद्राचं पाणी म्हणजे पाणी आणि मीठ, एवढंच मला ठाऊक. गाडीच्या टाकीत ओतून मोकळा झालो.

अण्णा डबा घेऊन वर आला, रिकाम्या बरणीकडे बघत राहिला. "ओतलंस?"

"अरे, वाईला मीठ घेऊ. मी हुबेहूब करून देतो!"

तो दगडावर बसला. मग त्यानं ओढ्याचं पाणी बरणीत भरलं. वाईत मी मीठ मिसळलं, चव घेतली, आणि काय सांगू, स्वतःवर खूशही झालो. लाज वाटते आता लिहिताना.

पुण्याला परातीत ते पाणी ओतून अण्णानं आईचे पाय त्यात ठेवले. तिनं चांगल्या हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट आहे हो..." मग परातीत निरखून बघत म्हणाली, "वाळू कशी नाही रे आली जराही?"

मी खाली बघितलं. अण्णा म्हणाला, "गाळून आणलं, आई." माझ्यासाठी तो आईशी खोटं बोलला, आणि पुढं जन्मात कधी त्यानं तो विषय काढला नाही. महिन्याभरात आई गेली. मीही कधी चुकलो म्हणालो नाही. रोज संध्याकाळी त्याच्या दवाखान्यात जाऊन बसायचो, गावभरच्या गप्पा मारायचो, तेवढं सोडून.

परवा वहिनींना भेटायला गेलो. अण्णाच्या खोलीत, औषधांच्या कपाटावर तीच बरणी, तोंडाला फडकं बांधलेली. मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुण्याहून आलात ना भावजी, त्यानंतर पंधरा दिवसांनी हे एकटेच श्रीवर्धनला जाऊन आले. परत आले तर घरी तार येऊन पडलेली, सासूबाई गेल्याची. ते पाणी काही यांनी टाकू दिलं नाही. आणि मास्तरला बोलू नकोस म्हणाले, उगाच मनाला लावून घेईल."

मी फडकं सोडलं. पाणी केव्हाच आटून गेलं होतं. कडेला मिठाचा पांढरा थर होता. मी आत हात घातला.

तळाशी वाळू होती.